मुदत आणि मुक्काम

पाळणा शोवोतच्या बाजारातही मिळतो, हे मतनियाजने बायकोला निघायच्या आधी तीनदा सांगून पाहिलं.

"मिळत असेल," याकूतजान म्हणाली. "पण मुलीच्या पहिल्या बाळाचा पाळणा तिच्या आईच्या घरून जातो. माझ्या आईने नव्हता आणला का?"

"आणला होता. पण तिच्या वाटेत सरहद्द नव्हती."

एवढं बोलूनही तीन सप्टेंबरच्या सकाळी तो रंगवलेला लाकडी पाळणा मतनियाजच्याच खांद्यावर होता. दाशोगुझ आणि शोवोत यांच्यामधल्या नाक्यावर आधी तुर्कमेन बाजूच्या लोकांनी तो उतरवायला लावला, मग उझबेक बाजूच्यांनी. एका तरुण शिपायाने तो उलटा करून बोटांनी ठोकून पाहिला.

"आत काय आहे?"

"अजून काही नाही," याकूतजान म्हणाली. "पुढच्या महिन्यात असेल."

शिपाई हसला. पुढच्या खिडकीत दोघांच्या पासपोर्टवर शिक्के पडले आणि फाटकापलीकडे जावई अल्लाबेरगन आपली छोटी दमास गाडी घेऊन उभा दिसला. त्याच्या शेजारी, दोन्ही हातांनी पोट सावरत, इंतिझार. चार वर्षांनी आईने मुलीला पाहिलं. तिथेच, टॅक्सीवाल्यांच्या गर्दीत, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडल्या, आणि मतनियाज पाळणा खांद्यावर तसाच धरून दुसरीकडे बघत राहिला.

याकूतजान दाशोगुझजवळच्या एका गावातली खल्फा. लग्नात, बारशाला बायकांची बैठक बसली की गळ्यात बाजा अडकवून गाणाऱ्या बाईला तिकडे खल्फा म्हणतात. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ती गात होती. आवाज असा, की अंगणात गायली तर कालव्यापलीकडच्या बायका हातातलं काम ठेवून यायच्या. जीभही तशीच. नवऱ्यामुलाच्या आत्यापासून गावच्या प्रमुखापर्यंत कोणालाही तिने गाण्यातून चिमटे काढले होते आणि कोणी रागावलं नव्हतं. मतनियाज तिच्या अगदी उलट. कालव्याच्या दारांवर पाणी सोडायची नोकरी त्याने आयुष्यभर केली, आणि पाण्याशेजारी बसून बसून तोही गप्प झाला, असं याकूतजान म्हणायची.

लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. मग झालेल्या मुलीचं नाव त्यांनी इंतिझार, म्हणजे वाट बघणं, असं ठेवलं. तिला शोवोतला दिली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. सोयरीक जुनी, भाषा एक, गाव हाकेच्या अंतरावर. त्या काळी सरहद्दीजवळच्या लोकांना महिन्यातून काही दिवस नुसत्या पासपोर्टवर जाता यायचं. पुढे साथीत फाटक बंद झालं ते वर्षानुवर्षं. उघडलं तेव्हा व्हिसा लागायला लागला. मधल्या काळात इंतिझारचे दोन गर्भ गेले. दोन्ही वेळा ती बातमी आईने फोनवर ऐकली, आणि दोन्ही वेळा फोन मध्येच तुटला.

म्हणून या वेळी अल्लाबेरगनचं निमंत्रण मंजूर झालं आणि व्हिसा हातात आला, तेव्हा याकूतजानने तिसऱ्या दिवशी बोचकं बांधलं. व्हिसावर तारीख होती एक सप्टेंबरपासून तीस नोव्हेंबरपर्यंत. मुलीची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर. त्यापुढे चिल्ला, बाळंतिणीचे चाळीस दिवस. तोही नोव्हेंबर संपायच्या आत उरकत होता.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली होती, "मोजून मापून शिवल्यासारखा बसला."

शोवोतच्या घरी विहीण होती. पाशाजान नाव. नवऱ्यामागे दोन मुलं वाढवलेली, कडक, कमरेला कोठीच्या किल्ल्या. पाळणा बघून तिने पहिलंच वाक्य टाकलं, "बाळ यायच्या आधी पाळणा? विहीणबाई, आमच्यात हे शुभ मानत नाहीत."

"आमच्यातही मानत नाहीत," याकूतजान म्हणाली. "पण व्हिसा मिळाला तेव्हा बाळाला विचारायला वेळ नव्हता."

पाशाजानने पाळण्यावर जुनी रजई टाकली आणि तो कोठीत पिठाच्या पिंपामागे सरकवला. मग दोघींची रोजची जुगलबंदी सुरू झाली. रोटी कोणाची मऊ, तुखुम बराकच्या कणकेच्या पुड्या भरताना अंड्याचं सारण कोण सांडतं, सुनेला सकाळी उठवायचं की निजू द्यायचं. इंतिझार मध्ये बसून दोघींच्या हातचं खायची. तिच्या गालांवर रंग आला. मतनियाज परसातल्या टोमॅटोंना पाणी घालायचा आणि संध्याकाळी मुलीच्या पायाशी येऊन बसायचा. बोलायचा काही नाही. तिचे सुजलेले पाय बघायचा फक्त.

सप्टेंबर सरायला आला तेव्हा गावाकडून फोन आला. शेजारची बाई होती. तिचा भाऊ रोझम्मत शोवोतजवळच्या उर्गेंच शहरात मुलाकडे पाहुणा म्हणून गेला होता आणि परत येताना नाक्यावर अडकला.

"कशासाठी?" याकूतजानने विचारलं.

"दिवस संपले होते म्हणे. व्हिसा अजून पंधरा दिवस होता हो! हा दाखवतोय तारीख, आणि ते म्हणतायत तुझा मुक्काम केव्हाच संपला. दंड घेतला, आणि आता कित्येक वर्षं पाऊल टाकायचं नाही असा शिक्का. म्हातारा रडत आला घरी."

याकूतजान आधी हसली. "रोझम्मत म्हणजे! त्याला स्वतःचं वय मोजता येत नाही." फोन ठेवून ती चहा ओतायला बसली. अर्धा पेला ओतला आणि थांबली. मग उठून बोचक्यातून दोन्ही पासपोर्ट काढले आणि अंगणात दमासचं चाक बदलत असलेल्या जावयापुढे धरले.

"अल्लाबेरगन बाळा, यावर काय काय लिहिलंय ते सगळं वाच. तारीख सोडून."

त्याने हात पुसले. "तारीख तीस नोव्हेंबर."

"तारीख सोडून म्हणाले ना."

"एकदाच प्रवेश," तो वाचू लागला. "आणि हे इकडे… राहण्याचे दिवस. तीस."

"तीस नोव्हेंबर?"

"नाही आई. तीस दिवस."

मतनियाज हातातली झारी ठेवून जवळ आला. त्याने पासपोर्ट घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग बोटांच्या पेरांवर मोजू लागला. त्याचं मोजणं तीन ऑक्टोबरला पोचलं. अल्लाबेरगनचं दोनला.

"आलो तो दिवस धरायचा नसतो," मतनियाज म्हणाला.

"धरतात, बाबा," अल्लाबेरगन म्हणाला. परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंदणी त्यानेच पहिल्या आठवड्यात केली होती. तिच्या कागदावरही दोन ऑक्टोबरच होतं, हे त्याला आता आठवलं. महिना झाला की पुन्हा नोंदवायचं असेल, असं समजून त्याने तो घडी घालून ठेवून दिला होता. "मला वाटलं… मला खरंच वाटलं, व्हिसा आहे तोवर आहेच."

दोन ऑक्टोबर म्हणजे पुढच्या आठवड्यातला गुरुवार. याकूतजान तिथेच काढून ठेवलेल्या चाकावर बसली.

"इंतिझारला सांगायचं नाही," ती म्हणाली.

पण इंतिझार दारातच उभी होती.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं, आणि विशेष म्हणजे याकूतजान गप्प होती. बोलत होती पाशाजान. "राहायचं इथेच. कोण बघतंय? तुमची भाषा वेगळी की तोंड वेगळं? शेजारीपाजारी सगळे तुम्हाला माझी बहीण समजतात."

"परत जाताना बघतील," अल्लाबेरगन म्हणाला. "रोझम्मतचं बघितलं तसं."

"मग जाऊच नका बाळ चालायला लागेपर्यंत. दंड काय तो एकदाच होईल."

"दंडाचं नाही, विहीणबाई," मतनियाज म्हणाला. इतका वेळ तो रोटीचा एकच तुकडा मोडत बसला होता. "शिक्का पडला तर या घरात पुन्हा यायचं नाही. मूल शाळेत जायला लागेल तरी यायचं नाही."

"असं केलं तर?" इंतिझारचे डोळे चमकले. "तुम्ही नाक्यापलीकडे जा आणि दुसऱ्या दिवशी परत या. व्हिसा तर नोव्हेंबरपर्यंत आहे ना! नवे तीस दिवस मिळतील."

अल्लाबेरगनने मान हलवली. "एकदाच प्रवेश लिहिलंय. एकदा बाहेर पडले की हा व्हिसा संपला. तारीख उरली तरी संपला."

दुसऱ्या दिवशी ते उर्गेंचच्या कार्यालयात गेले. परदेशी पाहुण्यांची कामं बघणाऱ्या खिडकीपुढे रांग होती. खिडकीत गणवेशातली एक मध्यमवयीन बाई बसली होती. आवाज थकलेला, पण ऐकून घेणारी. याकूतजानने सगळं एका दमात सांगितलं, मुलगी, दोन गेलेले गर्भ, तारीख, चिल्ला. लग्नघरात तिचं बोलणं सुरू झालं की लोक माना डोलवायचे. इथे काचेपलीकडे ती बाई फक्त पासपोर्टची पानं उलटत होती.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "या दोन तारखा आहेत ना, त्यांच्यामध्ये तुम्ही कधीही येऊ शकत होता. आणि दुसऱ्या तारखेनंतर कोणी इथे राहायचं नाही. तेवढाच त्यांचा अर्थ. पण ज्या दिवशी आत पाऊल टाकलं त्या दिवसापासून तुमचे तीस सुरू झाले. ते नोव्हेंबरची वाट बघत नाहीत."

"म्हणजे मी ऑक्टोबरला आले असते तर…"

"तर बाळंतपण झालं असतं तुमच्या समोर. हो."

तिसऱ्या दिवशी बोचकं तिनेच बांधलं होतं. मतनियाज म्हणाला होता, टोमॅटो उतरवून जाऊ, दोन आठवड्यांनी काय बिघडतंय. त्याला तिने तेव्हा दगड म्हटलं होतं.

"वाढवून मिळत नाही का?" अल्लाबेरगनने विचारलं.

"तसंच काही गंभीर कारण असेल तर अर्ज वर पाठवता येतो. दिवस संपायच्या आत. बाळंतपण हे काही आजारपण नव्हे, असं वरचे म्हणू शकतात. दवाखान्याचा कागद असेल तर आणा. आणि एक नीट ऐका, अर्ज दिला म्हणजे राहायला परवानगी मिळाली असं नाही. दोन तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर दोन तारखेला फाटकापलीकडे जायचं."

"दोघांचा अर्ज करायचा ना?" मतनियाजने विचारलं.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. "बाळंतिणीजवळ आई लागते, काका. वडिलांसाठी मी काय लिहू?"

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला.

कागदाची वेळ नशिबाने फार लवकर आणली. तीनच दिवसांनी सकाळी इंतिझारला उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रसूतिगृहात रक्तदाब मोजला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला घरी सोडलंच नाही. खाटेवर पडून राहायचं, मीठ बंद, कोणाशी वाद नाही. अल्लाबेरगनने तिथला कागद घेऊन उर्गेंच गाठलं. याकूतजान त्या कागदाकडे बघत होती तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण मुलगी आजारी असल्याचं लिहून मिळालं याचा तिला क्षणभर आनंद झाला होता.

मग वाट बघणं. सोमवार गेला. मंगळवारी अल्लाबेरगनने फोन केला, उत्तर नाही. बुधवारी पुन्हा केला. "आलं की मीच कळवीन, रोज विचारू नका," खिडकीतली बाई म्हणाली. त्या दिवशी याकूतजानने पीठ मळताना त्यात मीठच घातलं नाही आणि पाशाजानने ती अळणी रोटी शेवटपर्यंत खाल्ली, एक शब्द न काढता. त्यानेच याकूतजान जास्त घाबरली.

गुरुवारी सकाळी सामान दमासमध्ये ठेवून सगळे प्रसूतिगृहात गेले. दोघांनाच आत सोडत होते. मतनियाज मुलीजवळ थोडा वेळ बसला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बाहेर आला. याकूतजान मात्र उठेना. शेवटी इंतिझारनेच तिचा हात धरला.

"आई, तू जाऊ नकोस."

"अगं, उत्तर आलं तर…"

"नाही आलं तरी जाऊ नकोस. दोन वेळा तू नव्हतीस. दोन वेळा मी एकटी परत आले इथून, रिकाम्या हातांनी. या वेळी मला भीती वाटतेय, आई. मला काही झालं तर?"

याकूतजानने आयुष्यात शेकडो मुलींना सासरी पाठवताना गाणी म्हटली होती. शब्द तिला कधी शोधावे लागले नव्हते. आता मात्र शोधावे लागत होते. तिने मुलीचे केस मागे सारले.

"आज राहिले तर तुझ्या बाळंतपणाला असेन," ती हळूच म्हणाली. "आणि त्यानंतर कशालाच नसेन. बाळ आजारी पडलं तरी नाही, तू पडलीस तरी नाही. मला पुढची सगळी वर्षं हवीत, इंतिझार. नुसता हा महिना नको."

इंतिझारने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा मग," ती म्हणाली.

व्हरांड्यात पाशाजान भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "विहीणबाई," ती म्हणाली, "मी तिला उपाशी ठेवीन असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग रडू नका. मी इथेच बसणार आहे. मला हाकलणारा अजून जन्मायचाय."

दुपार त्यांनी उर्गेंचला, कार्यालयाच्या पायऱ्यांवर काढली. बाई आत कुठल्याशा बैठकीत होती. खिडकी जेवायला बंद झाली, उघडली, पुन्हा कोणी दुसरंच येऊन बसलं. नाक्याचं फाटक सहाला बंद होतं. साडेतीन वाजले तेव्हा मतनियाज उठला.

"चला," तो म्हणाला.

"अजून थोडं," अल्लाबेरगन म्हणाला.

"रस्त्यात चाक गेलं तर? चला." आणि बायकोला, "याकूत, ऊठ."

ती उठली. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं पांढरी झाली होती आणि त्यात बायका वाकलेल्या. शोवोत मागे पडलं, प्रसूतिगृहाकडे जाणारा रस्ता मागे पडला. याकूतजानने त्या बाजूला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दार उघडून उडी मारली असती, असं तिनेच नंतर सांगितलं.

नाका दिसायला लागायच्या जरा आधी, मोठ्या चौकाजवळ, अल्लाबेरगनचा फोन वाजला. त्याने गाडी धुळीतच बाजूला घेतली.

"हो… हो, मीच… हो!" मग तो नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून तो मागे वळला. "मंजूर झालं. आईंचं. पंधरा दिवस. पण सहाच्या आत पासपोर्ट घेऊन यायला सांगितलंय, शिक्का आजच मारायला हवा. उद्या चालणार नाही."

"आणि यांचं?" याकूतजानने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

चारचे साडेचार झाले होते. उर्गेंच एका बाजूला, फाटक दुसऱ्या. दोन्हीकडे सहाच. नाक्यावर जाऊन, त्याला रांगेत लावून, निरोप घेऊन मग उर्गेंच गाठायचं म्हटलं तर वेळ पुरला असता किंवा नसताही. हे तिघांनाही एकाच वेळी कळलं.

मतनियाजने आधीच आपली पिशवी उचलली होती. "मी इथे उतरतो."

"अहो, थांबा! आम्ही पटकन सोडतो तुम्हाला…"

"नाक्याच्या टॅक्स्या इथूनच जातात. चार माणसं भरली की निघतात." तो उतरला. खिडकीतून आत वाकला. याकूतजानला वाटलं तो काहीतरी सांगणार. चाळीस वर्षांत या माणसाने तिला एकटीला घरी पाठवलं नव्हतं, आणि तिने त्याला. त्याने फक्त तिची ओढणी नीट केली, जी दारात अडकली होती. "दार नीट लागलं नाही," तो म्हणाला आणि ते आपटून बंद केलं.

गाडी वळली. मागच्या काचेतून तिला तो दिसला. मेंढीच्या कातड्याची टोपी, हातात पिशवी, एका पांढऱ्या गाडीच्या चालकाशी बोलत असलेला. बाळ बघायची ज्याला तिच्याइतकीच आस होती तो माणूस, आणि त्याने एकदाही तसं म्हटलं नव्हतं. तिने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि रडली.

खिडकीतली बाई थांबली होती. शिक्का मारताना ती म्हणाली, "आजचा दिवस धरून सोळा तारखेपर्यंत, मावशी. ही तारीख मात्र खरी शेवटची. सतराला सकाळी नाही, सोळाला."

"पंधराला निघते," याकूतजान म्हणाली. "मोजण्यावर माझा विश्वास उडालाय."

प्रसूतिगृहात ती परतली तेव्हा इंतिझार अजून भिंतीकडेच तोंड करून होती. याकूतजान खाटेवर बसली तशी खाट करकरली. मुलीने वळून पाहिलं आणि आईचा हात असा काही घट्ट धरला की नखं रुतली.

"बाबा?"

"गेले. पोचले असतील."

तो खरंच पोचला होता. फाटक बंद व्हायच्या जरा आधी. पण फोन लागायची मारामार अशी, की तिला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. इंतिझारचा रक्तदाब चढायचा, उतरायचा. याकूतजान एका तारखेकडे डोळे लावून बसली होती आणि बाळ भलत्याच तारखेची वाट बघत होतं. दहा तारीख गेली, अकरा गेली. "विहीणबाई, तुमची नात असेल," पाशाजान म्हणाली, "म्हणून एवढी हट्टी." बाराच्या सकाळी इंतिझारचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि डॉक्टरीणबाईंनी आणखी थांबायचं नाही असं ठरवलं. तिला आत नेलं. व्हरांड्यात दोन विहिणी शेजारी शेजारी बसल्या. किल्ल्यांचा जुडगा पाशाजानच्या हातात होता आणि ती एकेक किल्ली जपमाळेसारखी सरकवत होती.

आतून रडणं ऐकू आलं तेव्हा दोघीही उठल्या नाहीत. पाशाजानच्या हातातली किल्ली तेवढी थांबली.

मुलगी होती. इवलीशी, लालभडक, कपाळावर दाट केस. इंतिझार शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी आईकडे पाहिलं, मग बाळाकडे. नाव आयझादा ठेवलं. याकूतजानला ते बाळ तीन दिवस मिळालं. चिल्ल्याची एकही रीत तिच्या हातून झाली नाही. पाचव्या दिवसाच्या अंघोळीचं पाणी, विसाव्याचं, चाळिसाव्याचं, सगळं तिने पाशाजानला शिकवल्यासारखं सांगितलं, आणि पाशाजानने, जिला ते सगळं तिच्यापेक्षा चांगलं येत होतं, मुकाट ऐकून घेतलं.

पंधरा ऑक्टोबरला ती निघाली. नाक्यावर खिडकीतल्या माणसाने शिक्के बघितले, वाढीव दिवसांचा शिक्का बघितला, काही न विचारता पासपोर्ट परत दिला. एवढंच.

पलीकडे मतनियाज उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"बाळ बरं आहे?"

"बरं आहे."

"इंतिझार?"

"बरी आहे. टाके दुखतात." ती थांबली. "तुम्ही विचारत नाही कोणासारखं दिसतं ते."

"कोणासारखं?"

"अजून कोणासारखंच नाही. नुसतं रागावलेलं दिसतं."

तो हसला. मग पिशवी तिच्या हातातून घेऊन पुढे चालू लागला, जरा जास्तच भराभर, म्हणजे ती त्याचं तोंड बघू शकणार नाही.

हिवाळा संपल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केला. व्हिसाच्या खिडकीवर याकूतजानने तिथल्या माणसाला घाम फोडला. मुदत कधीपासून, राहायचे दिवस किती, आलो तो दिवस धरतात का, एकदा बाहेर पडलं तर परत येता येतं का. त्याने दोनदा सांगितलं, तिने तिसऱ्यांदा विचारलं. "आजी, तुम्ही वकील आहात का?" तो वैतागून म्हणाला.

"खल्फा आहे," ती म्हणाली. "एकदा चुकीच्या ठेक्यावर गायले, आता आधी ठेका विचारून घेते."

व्हिसा मिळाल्यावर या वेळी ती तिसऱ्या दिवशी निघाली नाही. अल्लाबेरगनला सुट्टी कधी, इंतिझार कामावर कधी परतणार, बाळाला सांभाळायला कोण, हे सगळं विचारून तिने दिवस निवडला, आणि मतनियाजने त्यावर मान डोलावली.

मे महिन्यात ते शोवोतला पोचले. आयझादा अंगणातल्या चटईवर बसून चमचा चघळत होती. मतनियाज तिच्यासमोर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. तिने त्याची टोपी पाहिली आणि अशी किंचाळली की पाशाजान घरातून धावत आली.

"काय केलंत हो पोरीला?"

"काही नाही," मतनियाज म्हणाला. त्याने टोपी काढली, तरी ती त्याच्याकडे येईना. मग तो तिथेच, तिच्यापासून जरा दूर, भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा जवळ बसला. तिसऱ्या दिवशी तिने रांगत येऊन त्याची दाढी ओढली. त्याने चेहरा जरासुद्धा हलवला नाही.

"दुखत नाही का?" इंतिझारने विचारलं.

"ओढू दे," तो म्हणाला. "अजून बरेच दिवस आहेत."